एक ते पाच

७ फेब्रुवारी १९८४, मंगळवार

आज स्टुडिओतल्या रेकॉर्डच्या कपाटाला कुलूप घातलं. खरंखुरं कुलूप! किल्ली मिस्टर ओडेलच्या खिशात.

अठ्ठावीसशे रेकॉर्डी होत्या. त्यांच्याऐवजी टेबलावर एक पत्र्याची पेटी आलीय, आई पाककृतींचे कागद ठेवते तेवढी. तीत कार्डं. एका कार्डावर एक गाणं. पुढचं कार्ड उचलायचं, ते गाणं लावायचं, कार्ड मागे खोचायचं. लाल कार्डं दर तीन तासांनी पुन्हा पुढे येतात, हिरवी दिवसातून दोनदा. एकूण तीनशे चाळीस. निवेदकाने आपलं डोकं चालवायचं नाही. घरून रेकॉर्ड आणायची तर मुळीच नाही.

हे सगळं हॅव्हिलँड नावाच्या सल्लागाराचं. महिन्यातून एकदा टेक्सासहून विमानाने येतो, दोन दिवस राहतो, आणि ॲक्रनच्या माणसांना काय आवडतं ते ॲक्रनच्या माणसांना सांगून परत जातो. आणखी एकोणीस गावांत तो हेच करतो म्हणे. वीस गावं आणि पेटी एकच!

फक्त एक तास सुटला. टेडीचा. टेडी व्हॅन्स, संध्याकाळी सात ते आठ. बारा वर्षं ती स्वतःची गाणी स्वतः निवडते. परवा तिने आमच्या शेजारच्या गल्लीतल्या तळघरात चार पोरांनी रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं. मागच्या आठवड्यात वूस्टर ॲव्हेन्यूवरच्या एका काळ्या मुलीचं. काय आवाज होता! हॅव्हिलँडने ते हॉटेलात ऐकलं आणि सकाळी येऊन म्हणाला, "गाणं छान आहे, पण ते त्यांच्या स्टेशनवर वाजू दे." कोणाच्या? आपल्याच गावातली ना ती!

"टेडीचा तास मार्चअखेरपर्यंत राहील," मिस्टर ओडेल म्हणाले. ते कार्यक्रम प्रमुख. "मग आकडे सांगतील तसं." तास गेला म्हणजे टेडीही गेली. कार्डं उचलायला बारा वर्षांच्या अनुभवाचं माणूस कोण ठेवेल?

आकडे सांगतील! पण आकडे आणतं कोण? मी. मी आणि नेडीन.


८ फेब्रुवारी, बुधवार

पेटीच्या झाकणाला आतून नियम चिकटवलेत. चौथा: दोन गायिका लागोपाठ नकोत. दोन पुरुष चालतात. वीस चालतात! आज सकाळपासून पाचपर्यंत मोजलं. बायका तीन.

टेडीला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मी माइकवर बोलले की एक बाई झालीच. पुढचं गाणं पुरुषाचंच लावायला हवं." आणि हसली. मला नाही हसू आलं.


१४ फेब्रुवारी, मंगळवार

काम मी कसं करते ते इथे लिहून ठेवते. उद्या कोणी बोट दाखवलं तर निदान मला तरी ठाऊक असावं.

टेलिफोनची डिरेक्टरी घेते. पानं क्रमाने. प्रत्येक सातवा नंबर. सातवा म्हणजे सातवाच — नाव आवडलं म्हणून सहावा नाही. "नमस्कार, संगीताच्या एका पाहणीसाठी फोन केलाय." स्टेशनचं नाव सांगायचं नाही. वय विचारायचं, अठरा ते चौतीसच हवेत. मग टेप लावून फोनमध्ये तीस गाण्यांचे तुकडे ऐकवायचे, एकेक आठ सेकंदांचा. वीस जुनी गाणी, दहा टेडीच्या तासातली नवी. दर तुकड्याला एक ते पाच आकडा. पाच म्हणजे फार आवडलं, एक म्हणजे बंद करा हे. आठवड्याला चाळीस माणसं माझी, चाळीस नेडीनची.

ऐकणाऱ्याशी त्याच्या उत्तरांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. का आवडलं, का नाही — नाही विचारायचं. घरीसुद्धा कामाबद्दल बोलायचं नाही, तशी सही दिलीय. आई-बाबांना मी "रेडिओच्या ऑफिसात" एवढंच माहीत आहे. आमच्या घरातली मी कॉलेज केलेली पहिली. सही केली म्हणजे पाळायला नको?

आणि हो, चाळिसात बायका फक्त बारा! बारा झाल्या की पुढच्या बाईला म्हणायचं, "घरात कोणी पुरुष आहे का?" आज एकीने विचारलं, "का? गाणी काय दाढीने ऐकतात?" मनातून टाळी दिली.


१७ फेब्रुवारी, शुक्रवार

नेडीनचे चाळीस बुधवारी दुपारीच झाले. माझे आज चोवीस. उद्या शनिवारी यावं लागणार. ती पाय टेबलावर ठेवून नखं रंगवत होती. म्हणाली, "ए कॉलेजवाली, तू फोन करतेस की स्थळं बघतेस?"

मी खरंच सावकाश आहे का? तिच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो मला. तीनात एक जण माझा फोन आदळून ठेवतो. एक आज म्हणाला, "काम द्यायला फोन केलास का? नाही? मग ठेव."


२१ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्या दोन आठवड्यांचे आकडे जुळवले.

टेडीची नवी गाणी — माझ्या माणसांकडून सरासरी साडेतीन. नेडीनच्या माणसांकडून एक पूर्णांक चार!

जुनी गाणी — माझ्याकडे सव्वातीन. नेडीनकडे चार पूर्णांक सात.

दोन्ही मिळून टेडी अडीचच्याही खाली जाते. हॅव्हिलँडची पास-नापासाची रेघ तीनवर आहे.

एकाच गावात, एकाच आठवड्यात, तीच टेप — आणि एवढा फरक? मिस्टर ओडेलना म्हटलं, काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, "चुकतंय ते तुझ्याकडे, बर्नी. नेडीनचे बघ कसे स्वच्छ आहेत, एकमेकांशी जुळतात. तुझे आपले सगळे विस्कटलेले."

विस्कटलेले! माणसं विस्कटलेलीच असतात!

पण मग वाटायला लागलं... टेडीचं गाणं आलं की माझा आवाज गोड होत असेल का? मी झुकवतेय का लोकांना?


२४ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या फोनांची टेप करून ऐकली. आवाज झुकत नाही. पुन्हा ऐकली. नाही झुकत.


२ मार्च, शुक्रवार

सापडलं! सापडलं, आणि संतापाने जेवण गेलं नाही.

नेडीनची मुलगी शाळेत तापाने फणफणली म्हणून ती बाराला धावत गेली. जाताना ओरडली, "माझे फॉर्म ओडेलला देशील ना ग?" द्यायला म्हणून उचलले. मागच्या आठवड्याचा गठ्ठा खालीच होता. फोन नंबरांच्या रकान्यावर नजर गेली. तेच नंबर. त्याच क्रमाने. त्याच्या आधीच्या आठवड्याचे काढले — तेच! चाळीसच्या चाळीस. बाई एक नाही.

म्हणजे डिरेक्टरी उघडतच नाही ती. जानेवारीत चाळीस सज्जन पुरुष सापडले, त्यांनाच दर आठवड्याला फिरवून फिरवून विचारतेय. दिवसाउजेडी पहिल्या रिंगला फोन उचलणारे पुरुष! ॲक्रनमध्ये असे कोण आहेत ते काय मला कोणी सांगायला हवं? टायरचे कारखाने बंद पडले तेव्हापासून घरोघरी बसलेत. पोट भरलेलं होतं, हाताला काम होतं, त्या दिवसांतली गाणी त्यांना हवीत. नवीन काही कानावर पडलं की एक! काळ थांबलाय त्यांचा, म्हणून सगळ्या गावाचा थांबवायचा!

चाळीस माणसं अडीच लाखांच्या गावाला काय ऐकायचं ते सांगणार. आणि टेडी घरी जाणार.


५ मार्च, सोमवार

नेडीनशी बोलले. दार लावून, हळू आवाजात.

"मग?" ती हसत म्हणाली. "तुझे लोक तुला शिव्या देतात. माझे म्हणतात, 'आलीस का बाळ, मुलगी कशी आहे?' सगळं त्यांना पाठ झालंय. टेप लावते, ते आकडा बोलतात, मी लिहिते. दहा मिनिटांत एक. चाळिसांत सदतीस रबरवाले, कारखाना सुटल्यापासून घरीच."

"पण नियम असा आहे की—"

"नियम! माझा नवरा कुठे होता दोन वर्षांपूर्वी, माहीत आहे ना? आता गॅरेजात बसून पक्ष्यांची घरटी बनवतो. चौदा झालीत. पक्षी आहेत तीन." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू सांगणार आहेस का ओडेलला?"

मी नाही म्हटलं. तोंडातून आलं तसं.

नंतर दिवसभर वाटत राहिलं — नेडीनला दुखवायचं नाही, म्हणून टेडीला दुखवायचं?


७ मार्च, राख बुधवार

आजपासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस. चर्चहून परतताना बाबांना आडून विचारलं. बरोबरीचा माणूस काम वाईट करत असेल, आणि त्याने तिसऱ्याचं नुकसान होत असेल तर? कारखान्यात तुम्ही काय करायचात?

बाबांच्या कपाळावर राखेचा क्रॉस. गाडी सिग्नलला थांबवून म्हणाले, "त्याच्याशी बोलायचो."

"बोलून ऐकलं नाही तर?"

"पुन्हा बोलायचो. फोरमनला आपल्या माणसाचं नाव नाही सांगायचं, पोरी. सांगणाऱ्याच्या शेजारी बसून डबा कोणी खात नाही."

तेवीस वर्षं युनियनमध्ये काढलेला माणूस आणखी काय सांगणार!


९ मार्च, शुक्रवार

पुन्हा बोलले. नेडीन हसली नाही, रागावलीही नाही. फोन फिरवायला लागली.

टेडीने आज तासाच्या शेवटी सांगितलं, "पुढच्या तीन आठवड्यांत तुम्हाला ऐकवायचं ते सगळं ऐकवून घेते." बस एवढंच. सुचवत काही नाही, विनवत काही नाही. उलट मलाच रडू आलं.


१३ मार्च, मंगळवार

गेले ओडेलकडे. नेडीनचे तीन आठवड्यांचे फॉर्म छातीशी धरून.

दाराबाहेर बाकावर थांबले होते. ते फोनवर होते. पहिल्यांदाच सगळे नंबर सावकाश वाचले. आडनावं लिहीत नाही आम्ही, फक्त नंबर, पहिलं नाव, वय. चौदावी ओळ — एमिल, चौतीस.

नंबर आमच्या घरचा!

पुन्हा वाचला. स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेल्या आमच्या फोनचा नंबर. एमिल हुडाक, वय चौतीस! बाबांना छप्पन्नावं लागलंय.

फॉर्म पाहिले. टेडीच्या दहा गाण्यांना दहा एक. दर आठवड्याला. काळ्या मुलीच्या गाण्याला — एक. तळघरातल्या पोरांना, ज्यांतल्या दोघांना बाबांनी लहानपणी सायकल शिकवली — एक.

"ये ना बर्नी," ओडेल म्हणाले.

गेले. सांगितलं. चाळीस माणसं तीच आहेत, सगळे पुरुष, सगळे घरी बसलेले, वयं खोटी. नेडीनचं नाव घेतलं. घेतलं मी! आमच्या घराचं नाही घेतलं. घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे दर आठवड्याला तोच थर्मामीटर. मग ताप चढला की उतरला ते नीट कळतं! हॅव्हिलँडला सांगतो, खूश होईल. तू उद्यापासून डिरेक्टरी बंद कर. नेडीनकडून वीस नंबर घे."

मी गेले नाही तेव्हा त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

आणखी काय राहिलं होतं?


१४ मार्च, बुधवार

नेडीनला कळलंय. वीस नंबरांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला, पालथा. दुपारी डबा घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसली. बाहेर बर्फ पडत होता.

कागदावर आमचा नंबर नव्हता. म्हणजे बाबा तिच्याकडेच राहिले.


१६ मार्च, शुक्रवार

उपासाचा शुक्रवार. चर्चच्या बायकांनी केलेले पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आईने आणले, वर तुपात परतलेला कांदा. बाबा खुशीत. पिरोही चिरता चिरता स्वतःहूनच म्हणाले, "मंगळवारी एक पोरगी फोन करते मला. गाणी ऐकवते."

मी काटा खाली ठेवला.

"कोण पोरगी?" आईने विचारलं.

"नाव नाही सांगत. पाहणी असते काहीतरी. गाण्याचा तुकडा लावते, मी किंमत सांगते. अगदी चोख सांगतो! कारखान्यात तेवीस वर्षं कोणी विचारलं नाही, 'एमिल, तुझं काय मत?' आता पोरगी दर आठवड्याला विचारते."

"तरीच मंगळवारी दाढी करता," आई म्हणाली. "मी म्हटलं, फोनमधून दिसतं की काय!"

दोघं हसले. मला विचारायचं होतं — का, बाबा? त्या मुलीने तुमचं काय बिघडवलं होतं? पण नियम म्हणजे नियम. उत्तरांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि सही.

किती राग आलाय ते लिहूनही समजणार नाही. हॅव्हिलँडचा परवडला, तो परका आहे. आपलाच माणूस आपल्याच गावच्या पोरांच्या तोंडावर हात ठेवतो! यांच्यासाठी मी कॉलेजात मान खाली घालून बसायचे, कोणी टायरवाल्यांना अडाणी म्हटलं की आतल्या आत जळायचे. आणि हे — एक, एक, एक!


२३ मार्च, शुक्रवार

हॅव्हिलँड आला. सगळ्यांना जमवून पडद्यावर आलेख दाखवला. टेडीची रेघ खाली, जुन्या गाण्यांची वर. "मी सांगत नाही, तुमचं गाव सांगतंय," म्हणाला.

एक एप्रिलपासून नवीन गाणं एकही नाही. तीनशे चाळिसांची दोनशे ऐंशी कार्डं होणार. शेवटचं गाणं सात वर्षांपूर्वीचं. हॅव्हिलँडच्या मते, पुढची दहा वर्षं लोकांना हेच हवंय. बाकीच्या गावांतही हाच कल दिसतोय, पण ॲक्रनइतका स्पष्ट कुठेच नाही.

टेडीने विचारलं, "न ऐकलेलं गाणं लोकांना आवडायचं कधी मग?"

"न ऐकलेल्या गाण्यामुळे कोणी स्टेशन लावत नाही, लावलेलं बदलतं," तो म्हणाला.

मी हात वर केला. माझा हात! चार वर्षांत वर्गात एकदाही केला नव्हता. म्हटलं, "हे चाळीस माणसांचं मत आहे." तर ओडेल पटकन म्हणाले, "आमची बर्नी फार काळजी करते." सगळे हसले. नेडीन नाही हसली. खिडकीबाहेर बघत होती.


३० मार्च, शुक्रवार

टेडीचा शेवटचा तास.

तिने निरोपाचं भाषण केलं नाही. सहा बायका लागोपाठ लावल्या! सहा! ओडेल काचेपलीकडून हातवारे करत होते. तिने त्यांच्याकडे बघून मान डोलवली, गाणं फार आवडलंय तुम्हाला अशी. शेवटी वूस्टर ॲव्हेन्यूवाली मुलगी, मग तळघरातली पोरं. आठ वाजता म्हणाली, "टेडी व्हॅन्स. ऐकलंत, बरं वाटलं."

सामान म्हणजे एक कप आणि हेडफोन. गाडीपर्यंत सोडायला गेले. म्हणाली, "तुझ्या माणसांनी काय दिलं होतं मला? तू स्वतः विचारलेल्यांनी?"

सांगायची परवानगी नव्हती. सांगितलं. "साडेतीन."

"पाचात साडेतीन! अग, आमच्या घरात मला एवढे कोणी देत नाही." माझ्या गालाला हात लावला. सोमवारपासून बहिणीच्या फुलांच्या दुकानात बसणार आहे.

घरी आले तर बाबा गॅरेजात. मी सरळ वर गेले. बोलले नाही.


३ एप्रिल, मंगळवार

दोनशे ऐंशी कार्डं. त्यांत एक जुनं, सात मिनिटांचं ऑर्गनवालं गाणं आहे, ते आज तीनदा. तीनदा!


५ एप्रिल, गुरुवार

आईने विचारलं, बाबांशी भांडलीस का? म्हटलं, नाही. खरंच आहे. भांडायला बोलावं लागतं.


८ एप्रिल, रविवार

आज सगळं तोंडातून निघालं. नियम, सही, सगळं मोडलं.

चर्चहून आल्यावर बाबांनी गॅरेजात हाक मारली. रेडिओ हातात धरून, काटा इकडून तिकडे फिरवत होते. "हे काय चाललंय ग तुमच्या ऑफिसात? आठवडा झाला, तीच तीच रडगाणी. सातची बाई कुठे गेली?"

"तुम्हाला काय करायचंय तिचं?"

"म्हणजे काय? रोज ऐकायचो मी! ती काळी पोरगी गायची ते गाणं लावायची ना—"

"बाबा!" मी ओरडलेच. "तुम्हीच घालवलीत तिला! मंगळवारचा फोन आमचा होता! मी पाहिलेत तुमचे आकडे. दर गाण्याला एक. एक! एक! एक!"

"एकच ना," ते म्हणाले. "मग?"

"एक म्हणजे सगळ्यात वाईट!"

"हे कोणी सांगितलं तुला?" बाबांनी रेडिओ खाली ठेवला. शिकाऊ कामगाराला समजवावं तसे सावकाश बोलायला लागले. "शेवटच्या तपासणीला टायर यायचा. हात फिरवून बघायचा आणि चॉकने आकडा टाकायचा. एक म्हणजे पहिल्या प्रतीचा, नव्या गाडीला जाणार. दोन दुकानात. तीन-चार दुरुस्तीला. पाच टाकला की फाडायचा. तेवीस वर्षं हेच. गावातल्या कुठल्याही रबरवाल्याला विचार, एक म्हणजे काय ते."

मी तिथल्या पिंपावर बसले. "आणि ते ऑर्गनवालं? पाच दिलेत तुम्ही त्याला."

"देणार नाही तर काय! बारा वर्षं कारखान्यात प्रेसवर टांगलेल्या भोंग्यातून डोक्यावर आदळलं ते. दर मंगळवारी पाच सांगतो, तरी आपले वाजवताहेत, वाजवताहेत! मला वाटलं, ही पोरगी लिहून घेत नाही बहुतेक. गेल्या खेपेला तर ओरडून सांगितलं — पाच!"

"तिने नाही सांगितलं तुम्हाला कधी, पाच म्हणजे चांगलं म्हणून?"

"ती म्हणाली, एक ते पाच. एवढंच."

एवढंच! चाळिसांतले किती रबरवाले? नेडीननेच सांगितलं होतं मला, हसत हसत — सदतीस. सदतीस माणसं दर आठवड्याला टेडीला पहिल्या प्रतीचा शिक्का मारत होती. आणि मी म्हणत होते, काळ थांबलाय त्यांचा.

बाबा म्हणाले, "रडतेस कशाला? सांग ना त्यांना, उलटं वाचलंत म्हणून."

आणि नेडीन! एक वाक्य बोलायला जड झालं तिला! एका वाक्यासाठी टेडी फुलं विकतेय. उद्या सकाळी पहिली तिच्यासमोर उभी राहणार. यावेळी हळू बोलणार नाही.


९ एप्रिल, सोमवार

उभी राहिले. सगळं बोलले. नेडीनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग फोनच्या बाजूला चिकटवलेलं कार्ड सोडवून माझ्या हातात दिलं. जानेवारीत तिला छापील सूचना फार लांब वाटल्या होत्या, म्हणून कोणीतरी दोन ओळींत उतरवून दिल्या होत्या. "तीस गाण्यांचे तुकडे ऐकवते. प्रत्येकाला एक ते पाच आकडा द्या." बस. पाच म्हणजे काय, एक म्हणजे काय, कुठेच नाही.

ओळी सरळ, अक्षर नीटनेटकं. माझं.